जोवेनचं वाढदिवसाचं पत्र

फिलिपिन्समधल्या गिंबाल गावच्या मच्छीमार-खलाशी पतसंस्थेत हर्मिनिया काताल्बास नोकरीला लागली ती टंकलेखनावर. पुढे टंकयंत्र गेलं, संगणक आला, व्यवस्थापक बदलत गेले, पण सभासदांच्या टेबलामागे बसणारी बाई तीच राहिली. लग्न तिचं झालं नाही. म्हणजे ठरत आलं होतं, पण त्याच सुमारास आईला अर्धांगाचा झटका आला आणि मग आईचं करता करता वर्षं कशी गेली ते तिलाही कळलं नाही. आई गेली तेव्हा हर्मिनियाची पन्नाशी उलटून गेली होती. धाकटा भाऊ नोली कॅनडात, विनिपेगला. घरात ती, रेडिओ आणि आईची चाकांची खुर्ची. खुर्ची कुणाला तरी देऊन टाकायची म्हणून तिने पडवीत काढली होती, ती तिथेच राहिली.

आई होती तोवर बोलायला कुणीतरी होतं. तिला उत्तर देता यायचं नाही, पण डोळे फिरायचे. आता संध्याकाळी घरी येऊन भात लावला, सुकी मासळी तळली, की तोंड उघडायचं कारणच उरायचं नाही. सोमवारी सकाळी पतसंस्थेत पहिला शब्द बोलताना तिचा आवाज घोगरा निघायचा. समोरचा विचारायचा, "सर्दी झाली का मानांग?" मानांग म्हणजे ताई. ती म्हणायची, "हो, थोडीशी."

सभासदांना वाढदिवसाचं पत्र पाठवायची कल्पना मेल्चोर सरांची, म्हणजे व्यवस्थापकांची. त्यासाठी त्यांनी हर्मिनियाला इलोइलो शहरात शिकायला पाठवलं. तिथे तिला कळलं की पत्र एकदाच लिहायचं आणि शेजारी एक तक्ता करायचा. पत्रात जिथे नाव हवं तिथे नावाचा रकाना जोडायचा, जिथे वय हवं तिथे वयाचा. मग बटण दाबलं की जितकी माणसं तितकी पत्रं, प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव. याला मेल मर्ज म्हणतात. वयसुद्धा आपण भरायचं नाही, जन्मतारखेवरून संगणक ते आपोआप काढतो. हर्मिनियाला हे फार आवडलं. परतीच्या जीपनी गाडीत तिने शिकलेलं सगळं मनातल्या मनात पुन्हा करून पाहिलं.

सुरुवातीची पत्रं सगळी सारखीच होती. 'आज आपण अमुक वर्षांचे झालात, पतसंस्थेतर्फे शुभेच्छा.' खाली सरांची सही. वसुलीवाला बेर्तिंग ती मोटारसायकलवरून घरोघर टाकून यायचा. मग एका शनिवारी बाजारातल्या बाईने हर्मिनियाला सुकी मासळी बांधून दिली, ती त्याच पत्रात. घरी येऊन पुडी सोडली तर आत 'प्रिय श्रीमती फेलिसितास'. हर्मिनियाने कागद सपाट केला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. राग नाही आला. तिला वाटलं, मीसुद्धा यात मासळीच बांधली असती.

सोमवारी तिने तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला आणि त्याला नाव दिलं, 'विचारपूस'. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलंही नव्हतं. लोक तिच्या टेबलाशी यायचे, सही करेपर्यंत काहीबाही बोलायचे. कुणाचा गुडघा, कुणाची डुकरीण व्यायची, कुणाच्या मुलीला जुळी झालेली. ते ती ऐकायची आणि दुपारी ज्याच्या त्याच्या ओळीत एक वाक्य टाकायची. 'गुडघ्याला आता उतार आहे ना?' 'डुकरिणीला पिलं किती झाली?' फेलिसितासच्या ओळीत तिने लिहिलं, 'जहाजावरचा मुलगा खुशाल आहे ना? तो आला की त्याला घेऊन नक्की या.'

आणि गंमत अशी झाली की लोक उत्तर द्यायला येऊ लागले. पत्र हातात घेऊन यायचे. खाली सही सरांची असली तरी सरांच्या खोलीत कशाला जायचं म्हणून हर्मिनियाच्याच टेबलाशी उभे राहायचे आणि गुडघ्याचं सांगायचे. सरांनी वार्षिक सभेत या योजनेबद्दल टाळ्या घेतल्या. हर्मिनियाला त्याचं काही नव्हतं. तिला दिवसभर माणसं मिळत होती.

रोखीच्या खिडकीतली गिल्डा एकदा तिच्या खांद्यावरून डोकावली. "मानांग, तुम्हीपण सभासद आहात ना? तुमच्या ओळीत काय लिहिलंय?"

"काही नाही."

"का बरं?"

"मला काय विचारायचं त्यात? मी कशी आहे ते मला माहीतच आहे."

गिल्डा हसली. हर्मिनियाही हसली आणि खालच्या ओळीकडे वळली.

देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, फाटकाशी कोन्सोर्सिया नावाची विधवा ताडाच्या पानात बांधलेला चिकट भात विकायची. सगळे तिला मानांग सोसिंग म्हणत. मुलगी लग्न होऊन बाकोलोदला गेलेली. मुलगा जोवेन मालवाहू जहाजाच्या इंजिनात कामाला. जहाजावर चढण्याआधी तो दर वेळी पतसंस्थेत यायचा, आईच्या खात्याचं बघून जायचा आणि हर्मिनियाच्या टेबलावर एक भाताची पुडी ठेवायचा. म्हणायचा, "आईने नाही दिलेली, मी चोरलीये. तिला सांगू नका." आईनेच दिलेली असायची.

त्या वर्षी जून महिन्यात कंपनीचा माणूस सोसिंगच्या दारात आला. जोवेन भर समुद्रात जहाजावरून पडला होता. शोधलं, पण सापडला नाही. शवपेटीशिवायच नऊ दिवसांची प्रार्थना झाली, टेबलावर फोटो आणि मेणबत्त्या. हर्मिनिया एका संध्याकाळी गेली, मागच्या बाकावर बसली, पुढ्यात आलेलं बिस्किट खाल्लं आणि उठून आली. सोसिंगजवळ जाऊन काय बोलायचं ते तिला सुचलं नाही. त्यानंतर देवळात जाताना ती बाजूच्या दाराने आत शिरू लागली.

सोसिंगचा वाढदिवस ऑगस्टमध्ये. जुलै संपता संपता हर्मिनिया ऑगस्टचा तक्ता भरायला बसली आणि सोसिंगच्या ओळीशी अडली. तिथे गेल्या वर्षीचं वाक्य होतं, 'जोवेनचा फोन येतो ना?' ते तिने पुसलं. मग लिहिलं, 'आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत.' वाढदिवसाच्या पत्रात हे कसं दिसेल, म्हणून तेही पुसलं. 'कशा आहात?' लिहिलं. पुसलं. शेवटी रकाना रिकामाच ठेवून पुढे गेली.

सगळी वाक्यं भरून झाली त्याच दुपारी नोलीचा फोन आला. नोली कामाच्या दिवशी कधी फोन करत नसे.

"मानांग, ऐक ना. यंदा नाताळला यायला जमत नाही बघ."

"बरं."

"मुलांच्या शाळेचं आहे, शिवाय तिकिटं काय झालीत... पुढच्या वर्षी नक्की. रागावलीस का?"

"नाही रे. रागावू कशाला?"

"तू गाद्याबिद्या काढल्या नाहीस ना अजून?"

"छे, एवढ्यात कशाला काढीन?"

गाद्या तिने आदल्या रविवारीच उन्हात घातल्या होत्या. फोन ठेवून ती पुन्हा संगणकासमोर बसली. कुणाला काय लिहिलंय ते एकदा नजरेखालून घालावं म्हणून तिने तो रकाना वर्णानुक्रमाने लावायचं ठरवलं. संगणकाने विचारलं, शेजारचे रकानेही सोबत हलवू का? तिने न वाचताच काहीतरी दाबलं. नावं जागच्या जागी राहिली आणि विचारपूस तेवढी खालीवर झाली. तिच्या डोळ्यांसमोर होतं ते सगळं, पण तिला दिसलं नाही. पत्रं छापली, पाकिटात भरली, बेर्तिंगच्या पिशवीत दिली.

पहिला आला तो युलोजियो, निवृत्त मास्तर, जन्माचा ब्रह्मचारी. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याने पत्र टेबलावर ठेवलं आणि चष्मा सावरला. वयाने मोठी माणसं हर्मिनियाला मिन्यांग म्हणत. "मिन्यांग, माझ्या जुळ्यांना दात आले का, असं विचारलंयस तू. तर मी सांगायला आलोय की माझ्या माहितीत तरी मला जुळी नाहीत. तुला काही वेगळं कळलं असेल तर तसं सांग."

गिल्डा खिडकीत तोंड दाबून हसायला लागली. हर्मिनियाने पत्र वाचलं. मग संगणकावर ऑगस्टचा तक्ता उघडला आणि 'अरे देवा' म्हणाली. मास्तर घाबरला. "अगं, मी चिडलो नाही. बायकांमध्ये माझा भाव वाढलाय उलट."

पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. ती बोट ठेवून खाली खाली जात होती. न्हाव्याला डुकरिणीची पिलं गेली होती. रोज देवळात जाणाऱ्या म्हातारीला कोंबड्यांच्या झुंजीबद्दल विचारलं होतं. सोसिंगच्या ओळीवर बोट थांबलं. तिथे आलं होतं फेलिसितासचं वाक्य. जहाजावरचा मुलगा खुशाल आहे ना? तो आला की त्याला घेऊन नक्की या.

मेल्चोर सर आधी ओरडले, मग खुर्चीत मागे रेलले. "एक करा. दिलगिरीचं पत्र लिहा, नावं जोडा आणि सगळ्यांना पाठवा. दहा मिनिटांचं काम आहे."

"मी घरी जाऊन सांगते, सर."

"सगळ्यांच्या?"

"हो."

"कामाच्या वेळेत नाही हं, मानांग."

ती कामानंतर गेली. कधी तीनचाकी रिक्षाने, कधी पायी, किनाऱ्याकडच्या वाडीपासून वरच्या उसाच्या शेतांपर्यंत. बहुतेकांनी हसण्यावारी नेलं. कुणी कॉफी दिली, कुणी केळी तळून दिली. जुळ्यांच्या आजीने दोन्ही नातवंडं तिच्या मांडीवर आणून ठेवली. न्हावी म्हणाला, "मला वाटलं सरांना माझ्या सासूबद्दल विचारायचंय." हर्मिनिया प्रत्येकाकडे बसत होती, ज्याचं वाक्य त्याला तोंडाने विचारत होती आणि उठत होती. इतक्या घरांत ती उभ्या जन्मात गेली नव्हती. तरी रोज घरी परतताना तिला ठाऊक असायचं की सोसिंगचं घर अजून राहिलंय, आणि ते तिनेच शेवटी ठेवलंय.

शेवटी एका रविवारी दुपारी गेली. सोसिंग अंगणात भातासाठी ताडाची पानं पुसत बसली होती. तिने वर पाहिलं, पण 'ये' म्हणाली नाही. हर्मिनिया बांबूच्या फाटकाबाहेरच उभी राहिली.

"मानांग सोसिंग, ते पत्र..."

"वाचलं मी."

"चूक झाली माझी. मशीनमध्ये ओळी खालीवर झाल्या. दुसऱ्या कुणाचं होतं ते."

"कुणाचं?"

"फेलिसितासचं. तिचा मुलगाही जहाजावर आहे."

"आला का तो?"

"गेल्या आठवड्यात आला."

सोसिंगने मान हलवली. पान उलटं करून पुसलं. "बरं झालं." मग म्हणाली, "आणि माझं काय होतं?"

हर्मिनियाला कळलं नाही. "म्हणजे?"

"ते फेलिसितासचं होतं ना? मग मला काय लिहिलं होतंस? माझं वाक्य कुणाला गेलं?"

खोटं बोलायचं म्हटलं असतं तर सोपं होतं. देवाची शांती असो, असलं काहीतरी सांगता आलं असतं आणि सोसिंगने ते धरून ठेवलं असतं. हर्मिनियाने फाटकाचा बांबू घट्ट धरला.

"काही नव्हतं लिहिलं. तुमची जागा मी रिकामी ठेवली होती. काय लिहावं ते मला सुचलं नाही."

सोसिंगने हातातलं पान खाली ठेवलं. हर्मिनियाला वाटलं, आता ही आपल्याला जा म्हणणार. पण ती रागाने बोललीच नाही. थकल्यासारखी बोलली.

"सगळ्यांनी तेच केलंय. माझी मुलगी रोज फोन करते. जेवलीस का, औषध घेतलंस का विचारते. त्याचं नाव काढत नाही. फादर काढत नाहीत. भात घ्यायला येतात त्या बायका सुट्टे मोजतात आणि पळतात. तू तर बाजूच्या दाराने देवळात जातेस. मला दिसतं." तिने खाली ठेवलेलं पान पुन्हा उचललं. "त्या पत्रात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, मुलगा कसा आहे म्हणून. चुकून का होईना. मी ते वाचून रडले आणि तुला शिव्याही दिल्या. दोन्ही केलं. आत ये आता, उन्हात उभी राहू नकोस."

हर्मिनिया आत गेली. पानं पुसायला घेतली. तिला ते नीट जमत नव्हतं आणि सोसिंग तिच्या हातातलं पान काढून घेऊन पुन्हा पुसत होती. मग हर्मिनियाने विचारलं, "जोवेन ती पुडी माझ्या टेबलावर ठेवायचा, ती खरंच चोरायचा का हो?"

"चोरतोय कसला. मी मोजून द्यायचे. म्हणायचे, त्या मिन्यांगला एक दे, एकटी असते बिचारी."

आपण एकट्या आहोत हे लोक आपसात बोलतात, हे हर्मिनियाला त्या दिवशी कळलं. वाईट वाटलं आणि वाटलंही नाही. सोसिंग मात्र सुटली होती. जोवेन लहानपणी पाण्याला किती भ्यायचा इथपासून तिने सुरुवात केली. अंगणात सावली आली तरी तिचं संपलं नव्हतं.

पतसंस्थेत पुढच्याच महिन्यात सरांनी तो रकाना काढून टाकायला लावला. लोकांच्या खाजगी गोष्टी अशा लिहून ठेवणं बरोबर नाही, वरूनही तसं पत्रक आलंय, म्हणाले. सरांचं म्हणणं चूक नव्हतं. हर्मिनियाने रकाना काढला. पत्रं पुन्हा सारखी झाली आणि उत्तर द्यायला येणारी माणसं हळूहळू कमी झाली. गुडघ्याचं सांगायला कुणी मुद्दाम थोडंच येतं?

रविवारी दुपारी मात्र ती सोसिंगकडे जायची. सप्टेंबर अखेरच्या एका रविवारी सोसिंग म्हणाली, "ऑक्टोबरात त्याचा वाढदिवस. तोही सभासद होता ना तुमचा?"

"होता."

"मग त्याचं पत्र येईल का?"

गेलेल्या सभासदाचं नाव तक्त्यातून काढायचं असतं. ते काम हर्मिनियाचंच होतं, आणि जूनपासून ते तिच्या हातून झालेलं नव्हतं. रोज उद्यावर जात होतं. ती म्हणाली, "येईल."

ऑक्टोबरची पत्रं तिने छापली. जोवेनचं पत्र इतरांसारखंच निघालं. प्रिय श्री. जोवेन, आज आपण एकतीस वर्षांचे झालात. विचारपुशीची जागा आता पत्रात नव्हती. हर्मिनियाने ते पत्र बेर्तिंगच्या पिशवीत टाकलं नाही. त्या एका पत्राच्या खाली तिने हाताने लिहिलं, 'टेबलावर भाताची पुडी ठेवायला आता कुणी येत नाही,' आणि सरांच्या सहीशेजारी आपलं नाव घातलं. मग स्वतः नेऊन दिलं.

सोसिंगने डोळ्यांजवळ धरून वाचलं. "एकतीस? तीसच होता ना तो?"

"मशीन जन्मतारखेवरून काढतं, मानांग."

"अच्छा." ती वाचत राहिली. "त्या मशीनला कुणी सांगितलं नाही वाटतं." मग तिने खालची ओळ वाचली, पत्राची घडी केली आणि जोवेनच्या फोटोच्या चौकटीमागे खोचली. त्या दिवशी दोघींनी नारळाच्या दुधातला कोंबडीचा रस्सा केला, जोवेनच्या आवडीचा. फार तिखट झाला होता. दोघींनी तसाच खाल्ला.

पुढच्या उन्हाळ्यात हर्मिनिया निवृत्त झाली. मेल्चोर सरांनी भाषण केलं, गिल्डा रडली, केक कापला. तिच्या जागी शहरातून शिकून आलेली एक हुशार मुलगी बसली आणि पहिल्याच आठवड्यात तिने तक्ता साफ केला. गेलेले, गाव सोडून गेलेले, दोनदा नोंदलेले, सगळे काढले. काम चोख केलं तिने. हर्मिनियाने स्वतः तिला तेच शिकवलं असतं.

ऑक्टोबर आला. त्या दिवशी हर्मिनिया सोसिंगकडे गेली तेव्हा तिच्या हातात नुसती तांदळाची पिशवी होती. वाटेत तिला वाटलं होतं, आपणच घरी एक पत्र लिहून आणलं असतं तर? पण ते पतसंस्थेतून आलेलं नसतं. त्यात जोवेन सगळ्यांसारखा सभासद नसता, फक्त त्या दोघींचा असता.

सोसिंगने तिच्या हातांकडे पाहिलं. "नाही ना आलं?"

"नाही. नवी मुलगी आहे. तिने नाव काढलं."

"राहू दे. एकदा आलं ते पुरे." सोसिंगने पिशवी घेतली, तांदूळ पातेल्यात ओतले आणि बोटं घालून ढवळले. "डिसेंबरात मला बाकोलोदला नेतायत. मुलगी म्हणते, एकटी राहू नकोस."

"बरोबर आहे तिचं."

"तुझा भाऊ येतोय का यंदा?"

"येतो म्हणालाय."

सोसिंगने तिच्याकडे बघितलं, पण पुढे विचारलं नाही. हर्मिनिया पाणी आणायला नळाकडे गेली.